वर्षाला दोन पानं

थंड देशातल्या फ्लॅटमध्ये एकच पाम ठेवायचा असेल, तर मिळेल त्यातला सगळ्यात हळू वाढणारा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी गेली काही वर्षं मिनियापोलिसमधल्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात, कोणी विचारो न विचारो, मांडत आलोय. लोक आता माझ्यासमोर झाडांचा विषय काढायला बिचकतात. म्हणून म्हटलं, एका शनिवारी बसून सगळं सविस्तर लिहूनच टाकावं. म्हणजे पुढच्या पॉटलकला मलाही शांतपणे जेवता येईल आणि इतरांनाही. :)

सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्याने होते. "घरात काहीतरी हिरवं हवं रे, पटकन वाढणारं सांग." मागणी अगदी रास्त आहे. इथे नोव्हेंबर ते एप्रिल खिडकीबाहेर दोनच रंग असतात, पांढरा आणि मळका पांढरा. आणि आपल्या लोकांना हिरवं म्हटलं की झावळ्या आठवतात. ज्याचं आजोळ गुहागरला आहे त्याला आठवतात हे ठीक, पण सोलापूरवाल्यालाही आठवतात हे विशेष! तर, पाम हवा इथपर्यंत एकमत. भांडण आहे ते 'पटकन' या शब्दाशी.

आधी माडाचं बघू. मोठ्या फर्निचरच्या दुकानांत कधी कधी अख्ख्या नारळातून उगवलेलं रोप कुंडीत लावून विकायला असतं. आपला माणूस ते बघून विरघळतोच. पण ते रोप तुमच्या घरात रुजलेलं नसतं, ते नारळातलं खोबरं खात असतं. मोड आलेल्या नारळात तो स्पंजासारखा गोड गोळा असतो ना, ज्यावर लहानपणी आपली भांडणं व्हायची, तो म्हणजे त्या रोपाचं तोंडच. आतलं खोबरं तो हळूहळू शोषून घेतो. थोडक्यात आईने बरोबर दिलेला डबा. डबा पुरतो तोवर रोप टवटवीत. तो संपला की त्याला लागतं रत्नागिरीचं ऊन आणि रत्नागिरीची दमट हवा. मिनेसोटात जानेवारीत यातलं काहीच मिळत नाही.

मग नंबर लागतो अरेका पामचा. स्वस्त, भरगच्च आणि कुठल्याही दुकानात मिळणारा. (हा अरेका म्हणजे आपली पोफळ नव्हे. सुपारी देणारी पोफळ वेगळी, हा दुकानातला मूळचा मादागास्करचा. नावावरून फसगत होते एवढंच.) नर्सरीत भरपूर उजेडात, खत-पाण्यावर तो झपाट्याने वाढलेला असतो. तिथून उचलून आपण त्याला सोफ्याच्या मागच्या कोपऱ्यात ठेवतो. मार्चपर्यंत पिवळा पडतो आणि पानांच्या खाली कोळी किडीची बारीक जाळी दिसायला लागते. एप्रिलमध्ये कचऱ्यात. ऑक्टोबरमध्ये नवा.

आता हा साधा हिशेब बघा. झाडाला उजेड म्हणजे पगार. मिनियापोलिस ४५ अंश अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला इथला दिवस नऊ तासांपेक्षाही लहान असतो, तेव्हा मुंबईचा दिवस जवळजवळ अकरा तासांचा असतो. शिवाय तो उजेड काचेतून आत येणार. बाहेर भर उन्हात उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो, तर खिडकीपासून दोन मीटर आत तो काहीशे लक्सवर आलेला असतो. तुमच्या डोळ्यांना फरक जाणवत नाही कारण डोळे सांभाळून घेतात, पान सांभाळून घेऊ शकत नाही. एवढ्या पगारात जगायचं तर खर्च कमी हवा. झपाट्याने वाढणारं झाड म्हणजे मोठा ईएमआय डोक्यावर घेतलेला माणूस, पगार निम्मा झाला की आधी तो बुडतो. हळू वाढणाऱ्याचा खर्चच कमी, म्हणून तो तग धरतो. त्याचा संथपणा हीच इथे त्याची लायकी आहे.

माझा उमेदवार आहे केंटिया. शास्त्रीय नाव होविया फॉर्स्टेरियाना. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवर समुद्रात लॉर्ड होवे नावाचं एक छोटंसं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम १५ चौरस किलोमीटर, वस्ती जेमतेम काहीशे माणसांची. हा पाम निसर्गतः जगात फक्त तिथेच उगवतो. गंमत म्हणजे त्या बेटाचं हवामान! उन्हाळ्यात दुपारी पारा २५ च्या आसपास, हिवाळ्यात रात्री १३-१४. म्हणजे थर्मोस्टॅट लावलेल्या अपार्टमेंटचंच हवामान की हो. आणि याची रोपं वाढतात ती जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत, म्हणजे कमी उजेडाची सवय जन्मापासूनच. आपण घरात कोकण आणायला जातो आणि फसतो. या पामला कोकण नकोच आहे, त्याला साधारण तुमची बैठकीची खोली हवी आहे.

हे काही मला एकट्याला सुचलेलं नाही. १९ व्या शतकाच्या अखेरीस या बेटावरून केंटियाचं बी युरोपात जायला लागलं आणि व्हिक्टोरियन इंग्लंडच्या दिवाणखान्यांत हा पाम जाऊन बसला. ती घरं आठवा. जड पडदे, गॅसचे दिवे, कोळशाचा धूर, आणि शेकोटी विझली की गारठा. त्यातही हा टिकला. बेटावरच्या लोकांचं पोट कित्येक वर्षं या बियांच्या विक्रीवर चाललं. १९१८ मध्ये मकांबो नावाचं जहाज तिथे खडकांवर अडकलं, त्यातून उंदीर बेटावर उतरले आणि पक्ष्यांबरोबर बियांचाही फडशा पाडायला लागले. ते उंदीर संपवायची मोठी मोहीम निघाली थेट २०१९ मध्ये, शंभर वर्षांनी! (उत्क्रांतीवाल्यांचाही हा लाडका पाम आहे. याचा एक सख्खा भाऊ त्याच बेटावर आहे. एकाच छोट्या बेटावर, मध्ये डोंगर-समुद्र काही नसताना, एकाच्या दोन जाती कशा झाल्या यावर २००६ मध्ये 'नेचर'मध्ये गाजलेला पेपर आला होता. एकाने चुनखडीची जमीन धरली, दुसऱ्याने ज्वालामुखीची, आणि फुलायच्या वेळा वेगळ्या झाल्या. बेट एकच, भावांची चूल वेगळी.)

बरं, हा इतका हळू का वाढतो? उजेड कमी हे एक कारण झालं. दुसरं कारण पामच्या रचनेतच आहे आणि ते मला फार आवडतं. आंबा, वड, पिंपळ यांचं खोड दरवर्षी थोडं थोडं जाड होतं, कारण सालीच्या आत वाढीचा एक थर असतो. पामला तो थरच नसतो. म्हणजे आधी बारीक खोडावर उंच व्हायचं आणि मग सावकाश जाड व्हायचं, ही सोय नाही. म्हणून पाम पहिली कित्येक वर्षं उंच होतच नाही. बुंधा पूर्ण रुंदीचा होईपर्यंत तो खालीच काम करत राहतो, आणि मग वर निघतो. 'आता चालवून घेऊ, पुढच्या स्प्रिंटमध्ये नीट करू' हा आपला लाडका मार्ग त्याला बंद आहे. आपल्याला वाटतं झाड थांबलंय. ते थांबलेलं नसतं, पाया भरत असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे केंटियासारख्या एकाच खोडाच्या पामला वाढीचा डोळा एकच, अगदी शेंड्यात. तो गेला की खेळ खल्लास. वरून छाटून 'दाट' करणं वगैरे प्रकार इथे चालत नाहीत. मधोमध एक घट्ट सुरळी वर येते, आठवड्यांमागून आठवडे नुसती लांब होत राहते, आणि मग एक दिवस पंख्यासारखी उलगडायला लागते. घरात वर्षाला अशी दोन पानं आली तर छान. तीन आली तर नातेवाईकांना कळवायला हरकत नाही. :)

आता इथल्या हिवाळ्याबद्दल थोडं, कारण खरी परीक्षा तिथेच आहे. लोकांना वाटतं पामला थंडी मारते. घरातल्या पामला थंडी सहसा मारत नाही, त्याला हीटर मारतो. बाहेरची उणे १० अंशांची हवा, अगदी शंभर टक्के ओलाव्याची असली, तरी ती आत घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १२ टक्क्यांच्या आसपास उरते. स्वयंपाक, आंघोळी, आपले श्वास यांनी ती थोडी वाढते, तरी घर कोरडं ते कोरडंच. पानांची टोकं करपतात ती यामुळे. यावर रोज स्प्रे घेऊन पानांवर फवारणी करणारे लोक मी बघितलेत. ते पाणी काही मिनिटांत उडून जातं. फवारणाऱ्याला बरं वाटतं हा फायदा मी नाकारत नाही. पण झाडासाठी काही करायचंच असेल तर कुंडी हीटरच्या झरोक्यापासून लांब, खिडकीजवळ ठेवा. जमलं तर खोलीत ह्युमिडिफायर लावा (तुमच्या घशालाही बरा). आणि महिन्यातून एकदा झाडाला बाथरूममध्ये नेऊन शॉवरखाली कोमट पाण्याने आंघोळ घाला. धूळ जाते, कोळी कीड धुतली जाते, आणि पानाला उजेडही जास्त मिळतो.

पाणी बेताचं. दोन इंच बोट मातीत खुपसून बघायचं, कोरडं लागलं तर घालायचं, नाहीतर पुढे जायचं. हिवाळ्यात झाड झोपेत असतं, तेव्हा प्रेमाने रोज घातलेलं पाणी मुळांना गुदमरवतं. कुंडीचंही तसंच. छोट्या झाडाला 'वाढायला जागा' म्हणून भली मोठी कुंडी देणं म्हणजे लोड नसताना मोठा सर्व्हर विकत घेणं. मुळं थोडी आणि माती ढीगभर, मग ती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. तीन-चार वर्षांनी, मुळं कुंडीबाहेर डोकवायला लागली की, दोन इंच मोठी कुंडी पुरे. आणि हलवताना मुळं मोकळी करायला, छाटायला जाऊ नका, या पामला ते अजिबात खपत नाही.

पिवळी पानं घाईने कापू नका, हे तर मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. पाम जुन्या पानातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम काढून नव्या पानाकडे पाठवत असतो. ते अर्धं पिवळं पान वाईट दिसतं खरं, पण तिथे अजून व्यवहार चालू असतो. पूर्ण तपकिरी होऊन वाळलं की मग कापा. वर्षाला दोनच पानं देणाऱ्याचं एक पान लवकर कापणं म्हणजे काय, ते हिशेब करून बघा.

काही जण विचारतात, थंडीत बाहेरच टिकणारा पाम नाही का? आहे की, आणि त्यातला एक तर आपल्याच देशातला आहे. कुमाऊँमध्ये पिथौरागढच्या बाजूला, जिथे हिवाळ्यात बर्फ पडतं, तिथल्या डोंगरात ट्रॅकिकार्पस टाकिल नावाचा पाम वाढतो. लंडन किंवा सिएटलसारख्या ठिकाणी राहत असाल तर त्याचा जरूर विचार करा. पण एक लक्षात ठेवा. 'उणे अमुक अंशांपर्यंत टिकतो' असं जे लिहिलेलं असतं ते जमिनीत लावलेल्या झाडाबद्दल असतं. जमिनीत मुळांवर मातीचं पांघरूण असतं. कुंडीला चारही बाजूंनी थंडी लागते आणि मातीचा गोळा आरपार गोठतो. तेव्हा कुंडीतल्या झाडाबाबत त्या आकड्यावर विसंबू नका. आमच्याकडे उणे २५ ला तो प्रश्नच येत नाही, इथे पाम आतच राहणार. जून ते ऑगस्ट मात्र त्याला बाल्कनीत सावलीत ठेवा (थेट उन्हात नको, घरात वाढलेली पानं भाजून निघतात). रात्रीचा पारा १० च्या खाली जायला लागला की आत.

आता किंमत. केंटिया महाग असतो आणि लोक दुकानात लेबल बघून परत अरेकाकडे वळतात. पण तो महाग का आहे? त्याचं फळ झाडावर पिकायलाच काही वर्षं लागतात. बी रुजायला महिनोन् महिने. मग कोणीतरी काचघरात वर्षानुवर्षं ते रोप सांभाळलेलं असतं. (कुंडीत बहुधा तीन-चार रोपं एकत्र असतात, एकटं रोप फार किडकिडीत दिसतं म्हणून.) इथे आपण दुसऱ्या कोणाची तरी वर्षं विकत घेत असतो. म्हणून खिशाला झेपेल तेवढा मोठा घ्यावा, कारण घरी आल्यावर तो बराच काळ जवळजवळ तेवढाच राहणार आहे. ओळखीच्या एका घरात नऊ वर्षांत सात अरेका झाले. सातांची बेरीज केली तर एक बरा केंटिया आला असता आणि एव्हाना त्याने खिडकी भरली असती.

पण त्या घरात हे सांगितल्यावर जे उत्तर आलं, ते खरं महत्त्वाचं. "अरे, इतकं हळू वाढणारं झाड घेऊन करायचं काय? आम्ही इथे किती दिवस आहोत तेच माहीत नाही."

नऊ वर्षं झाली होती या वाक्याला.

इथे आलेल्या आपल्या बऱ्याच घरांत हा न लिहिलेला नियम असतो. दोन वर्षांत परत जायचंय, निदान ठरलं तरी नाहीये. म्हणून भिंतीला खिळा नाही. चांगली भांडी खोक्यातच. पुस्तकांचं कपाट नको, हलवायला जड जातं. एच-वन-बी तीन वर्षांचा, मग अजून तीन, मग ग्रीन कार्डचा अर्ज, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग तर दहा वर्षांच्याही पलीकडे. त्या दोन वर्षांची बघता बघता बारा होतात, पोरगी मिडल स्कूलला जाते, आणि घर मात्र आदल्या आठवड्यात भाड्याने घेतल्यासारखंच दिसत राहतं. मला यात कोणाची चेष्टा करायची नाही. ही अनिश्चितता खरी आहे, नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळावा लागू शकतो, हे रात्री झोपताना डोक्यात असतंच. पण म्हणून दरवर्षी सहा महिन्यांचंच झाड घ्यायचं, हा त्यावरचा इलाज नाही. त्याने अनिश्चितता कमी होत नाही. फक्त तुमच्या घरात तुमच्याबरोबर जुनं झालेलं काहीच उरत नाही. (आणि ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने तरी हळू वाढणाऱ्या झाडाला नावं ठेवू नयेत.)

इटलीत पादुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ मध्ये लावलेला एक पाम आजही जिवंत आहे. १७८६ मध्ये गटे तो बघून गेला, तेव्हाच तो दोनशे वर्षांचा होता. लंडनच्या क्यू गार्डनमध्ये १७७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आलेलं एक सायकड आहे, अजून कुंडीत. (पहिला पाम आहे पण कुंडीत नाही, दुसरं कुंडीत आहे पण पाम नाही. माझी अडचण समजून घ्या.) त्या सायकडला क्यूमध्ये एकदाच शंकू आला, १८१९ मध्ये. विचार करा, त्यानंतर किती माळ्यांनी त्याला पाणी घातलं असेल. कोणी बदलीवर गेले असतील, कोणी निवृत्त झाले असतील. 'मी इथे किती दिवस आहे माहीत नाही' हे त्यातल्या प्रत्येकाच्या बाबतीत खरं होतं. झाड टिकायला तुम्ही टिकायला पाहिजे अशी अट नाही. तुमच्यानंतर पाणी घालणारा कोणी असला की पुरे.

माझ्याकडचा पामही मुळात माझा नाहीच. नाशिकला परत गेलेल्या एका कुटुंबाने २०१६ मध्ये तो माझ्याकडे दिला. त्यांच्या गराज सेलमध्ये गाडी, मायक्रोवेव्ह, मुलांच्या सायकली सगळं विकलं गेलं, पण पामला किंमतीची चिठ्ठी लावलेली नव्हती. सामानात टाकून तो काही भारतात नेता येत नाही. वहिनी म्हणाल्या, "तू घेऊन जा. आणि फार लाड करू नकोस, मग तो रुसतो." त्यांनाही तो आधीच्या भाडेकरूकडून मिळाला होता, म्हणजे मी तिसरा. वहिनी अजूनही दिवाळीला व्हॉट्सअॅपवर विचारतात, "आमचा पाम कसा आहे?" आमचा! मी नव्या पानाचा फोटो पाठवतो. यात मला काही खटकत नाही. उद्या मलाही जावं लागलं तर चौथा कोण, हे मी मनात ठरवून ठेवलंय. (त्याला अजून सांगितलेलं नाही. पण त्याची दक्षिणेकडची खिडकी मी बघून ठेवली आहे.)

असो. घ्यायचा ठरलाच तर मे-जूनमध्ये घ्या. जानेवारीत दुकानापासून गाडीपर्यंत नेताना दहा मिनिटांत पानं गारठून काळी पडतात, आणि ती भरपाई व्हायला याला दोन-तीन वर्षं लागतील. घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलू नका, खत ओतू नका, रोज जागा बदलू नका. पहिल्या वर्षी एकच पान आलं तरी घाबरू नका, नवीन शहरात आल्यावर आपण तरी पहिल्या वर्षी काय मोठे दिवे लावले होते!